'चेक' म्हणजे नक्की काय? एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषांतराचं काम करतो, त्यातही जास्त करून ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीनवरची ती बारकी बारकी वाक्यं मराठीत आणायचं काम. एकदा एका फॉर्मवर 'पेटी तपासा' असं छापून आलेलं बघितलं. कुठली पेटी, का तपासायची, आत काय असणार, काही पत्ता नाही. मूळ इंग्रजीत 'चेक द बॉक्स' होतं, म्हणजे चौकोनात बरोबरची खूण करा. तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलोय आणि लोक तेच तेच प्रश्न विचारत राहतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

बँकेचा चेक, चेकचा शर्ट, बुद्धिबळातला चेक, तपासणीचा चेक, हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत ना? योगायोगाने सारखे दिसणारे?

नाही, आणि हीच तर गंमत आहे. इंग्रजीत असे योगायोग भरपूर आहेत, म्हणजे बॅट म्हणजे वटवाघूळ आणि बॅट म्हणजे चेंडू मारायची फळी, त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण चेकचं तसं नाहीये. हे सगळे अर्थ एकाच घरातले आहेत, आणि ते घर म्हणजे बुद्धिबळाचा पट. अपवाद फक्त एक, त्याचं खाली सांगतो.

मग मुळात हा शब्द आला कुठून?

फारसीतून. 'शाह' म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर चाल आली की इराणी खेळाडू 'शाह!' असं म्हणायचे, म्हणजे 'राजा सांभाळ बाबा'. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं, खेळ त्यांनी उचलला आणि हा शब्द पण जसाच्या तसा उचलला. मग स्पेन आणि इटलीच्या बाजूने खेळ युरोपात शिरला. तिथल्या लॅटिन लिहिणाऱ्यांनी शाहचं 'स्काकस' करून टाकलं, शेवटच्या 'ह'चा 'क' झाला तो इथे. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं, आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेल्यावर पुढचा 'ए' गळून 'चेक' उरला. इंग्रजीत तो १३०० च्या आसपास दिसायला लागतो आणि सुरुवातीला तो नुसता ओरडायचा शब्द आहे. क्रियापद वगैरे सगळं नंतर.

म्हणजे आपला 'शह' आणि इंग्रजांचा 'चेक' एकच?

एकच! आपण फारसीतून थेट घेतला म्हणून तो 'शह' राहिला, ते अर्धं जग फिरवून घेऊन आले म्हणून 'चेक' झाला. 'शह देणे', 'काटशह', 'शह-काटशहाचं राजकारण' हे आपण इतक्या सहज बोलतो की त्यात राजा लपलाय हे लक्षातच येत नाही. आणि बघा, आपल्याकडे पण अर्थ तसाच सरकलाय, शह देणे म्हणजे फक्त पटावरची चाल राहिली नाही, कुणाचाही रस्ता अडवणं झालं. इंग्रजीतही आधी नेमकं हेच झालं.

'शाह'च्या अजून मागे गेलं तर?

तर जरा मजा येते. जुन्या फारसीत राजाला 'क्षायथिय' म्हणायचे. सम्राट दारियसने इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर साधारण इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास जो लेख कोरून घेतला त्यात तो स्वतःला 'क्षायथिय क्षायथियानाम्' म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. त्याचंच झिजत झिजत शहेनशहा झालं. आता 'क्ष' बघून तुमच्या डोक्यात काही वाजलं असेल तर बरोबर वाजलंय, कारण संस्कृतमधलं 'क्षत्र' म्हणजे सत्ता, ज्यावरून क्षत्रिय, ते याच मुळाचं भावंड आहे. 'क्षत्रप' पण तिथलाच, मूळ अर्थ प्रांताचा रक्षक, इंग्रजीत तो सॅट्रप होतो. तर उद्या कुणी 'मेल चेक कर' म्हणालं तर ते क्षत्रियाच्या लांबच्या चुलतभावाला हाक मारतायत. (मी हे एकदा ऑफिसात सांगितलं, कुणालाच इंटरेस्ट नव्हता.)

मग 'चेस' हा शब्द? तो तर चतुरंगवरून आला असं वाचलंय.

खेळ चतुरंगवरून आला, शब्द नाही. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडदळ, रथ, पायदळ. त्याचं फारसीत चत्रंग झालं, अरबीत शतरंज झालं आणि तिथून स्पॅनिशमध्ये 'अखेद्रेस'. म्हणजे स्पॅनिश लोक अजून चतुरंगच खेळतात असं म्हणायला हरकत नाही. पण बाकी बहुतेक युरोपने खेळाचं नाव राजावरून ठेवलं. जर्मनमध्ये शाख, इटालियनमध्ये स्काक्की, रशियनमध्ये शाखमाती (यात तर शह आणि मात दोन्ही आले). इंग्रजी 'चेस' म्हणजे दुसरं काही नाही, त्याच 'एशेक'चं अनेकवचन 'एशे' होतं, ते इंग्रजीत आलं. म्हणजे चेस हे व्याकरणाने चेकचं अनेकवचन आहे, फक्त आता कुणाला आठवत नाही.

फ्रेंचमध्ये तर अजून मजा, अनेकवचन घेतलं की बुद्धिबळ आणि एकवचन घेतलं की अपयश. परीक्षेत नापास झालात, धंदा बुडाला, तर फ्रेंच माणूस त्याला 'एशेक' म्हणतो.

चेकमेट म्हणजे 'राजा मेला' ना?

हे सगळीकडे सांगतात पण मला ते पटत नाही. फारसी शब्द आहे 'शाह मात'. अरबीत 'मात'चा अर्थ 'मेला' असा होतो, म्हणून अरबांनी आणि त्यांच्याकडून ऐकणाऱ्यांनी 'राजा मेला' असा अर्थ लावला आणि तोच जगभर पसरला. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, गोंधळलेला, काही मार्ग न उरलेला. आणि खेळाचा नियम बघा ना, राजा कधी मारलाच जात नाही. बाकी सगळे मोहरे पटावरून उचलले जातात, राजा मात्र शेवटपर्यंत तिथेच उभा असतो, फक्त हलायला जागा नसते. त्यामुळे 'राजा अडकला' हेच बरोबर बसतं. मराठीत 'मात करणे' म्हणजे पण हरवणे, ठार मारणे नाही. आपल्याला हा अर्थ आधीपासून नीट माहीत होता असं समजा.

आणि ऑस्ट्रेलियन लोक एकमेकांना 'मेट' म्हणतात तो?

तो वेगळा. तो जुन्या जर्मन बोलीतून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ जवळपास 'एका ताटात जेवणारा' असा आहे. स्टेलमेटमधला मेट मात्र बुद्धिबळातलाच.

ठीके, पण 'राजावर चाल आली' पासून 'तपासून बघ' पर्यंत अर्थ पोचला कसा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सावकाश.

राजाला शह मिळाला की काय होतं? तुमचा सगळा प्लॅन जागेवर थांबतो. तुम्ही तिकडे वजिराने काय काय करायचं ठरवलं होतं ते बाजूला, आधी राजा वाचवा. म्हणून चेकचा पटाबाहेरचा पहिला अर्थ झाला 'अचानक बसलेला अडसर'. त्यावरून पुढे 'रोखणं', 'आवर घालणं'. घोड्याचं डोकं वर धरून ठेवणारा जो लगाम असतो त्याला अजून चेकरेन म्हणतात, शिकारी कुत्र्यांना वास लागेनासा झाला आणि ती थबकली की त्याला पण चेक म्हणतात, आणि पाळलेला ससाणा ठरलेलं सावज सोडून भलत्याच पक्ष्यामागे गेला तर त्यालाही.

आता रोखायचं कुणाला? तर चूक करणाऱ्याला, चोरी करणाऱ्याला, हिशोबात घोळ घालणाऱ्याला. आणि त्याला रोखायचं कसं? तर त्याने लिहिलेलं दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून बघायचं. इथे अर्थ सरकला. 'चोराला आवर घालणारी गोष्ट' आणि 'ताडून बघणं' ही एकच क्रिया झाली, आणि सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत चेक करणं म्हणजे पडताळून बघणं असा अर्थ रुळायला लागला. आज तोच अर्थ इतका मोठा झालाय की आधीचे सगळे त्याच्या सावलीत गेलेत.

म्हणून माझा एक साधा उपाय आहे, कुठेही चेक दिसला की स्वतःला विचारायचं, इथे काहीतरी अडवलं जातंय का काहीतरी ताडून बघितलं जातंय? बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

चौकडीच्या शर्टाला चेक्स का म्हणतात?

पटावरून, सरळ. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिये' म्हणायचे, त्याचं इंग्रजीत 'चेकर' झालं, आणि पटासारखी नक्षी ती चेकर्ड, पुढे कापडापुरतं नुसतंच चेक. शर्यतीच्या शेवटी फडकवतात तो काळा-पांढरा झेंडा पण चेकर्ड फ्लॅग, १९०६ च्या वँडरबिल्ट कप शर्यतीच्या फोटोत तो दिसतो. 'चेकर्ड करिअर' म्हणजे मात्र कौतुक नव्हे हं, थोडे दिवस उजेड थोडे दिवस अंधार, असं काहीतरी उलटसुलट आयुष्य. आणि अमेरिकेत चेकर्स म्हणजे एक वेगळाच सोंगट्यांचा खेळ, ब्रिटनमध्ये त्याला ड्राफ्ट्स म्हणतात, पट तोच.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' का म्हणतात? त्याचा बुद्धिबळाशी काय संबंध?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे लांबण लागणार आहे.

बाराव्या शतकातलं इंग्लंड डोळ्यासमोर आणा. पहिला हेन्री राजा आहे. प्रत्येक परगण्याचा शेरीफ राजाचा महसूल गोळा करतो आणि वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला (सप्टेंबरअखेरचा ख्रिस्ती सण), दरबारात येऊन हिशोब देतो. अडचण अशी की आकडे सगळे रोमन, एमसीसीएक्स वगैरे, शून्य नाही, आणि रोमन आकड्यांत बेरीज वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल. शिवाय शेरीफ लोकांना लिहिता वाचता येईलच याची खात्री नाही. मग करायचं काय? तर एक मोठं टेबल, दहा फूट लांब पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ म्हणजे काही खाली पडू नये, आणि त्यावर रेघा मारलेलं काळं कापड. रेघांमुळे रकाने पडायचे आणि पट दिसायचा बुद्धिबळासारखा, म्हणून लॅटिनमध्ये त्या टेबलाचं नाव 'स्काकारियम', फ्रेंचमध्ये 'एशेकिये', आणि इंग्रजीत एक्सचेकर.

रकाने उजवीकडून डावीकडे वाढत जायचे. पेनी, शिलिंग, पौंड, मग विसा (वीस पौंड), मग शंभर, मग हजार. समजा शेरीफने २३४ पौंड ५ शिलिंग ६ पेनी द्यायचेत. तर शंभराच्या रकान्यात २ सोंगट्या, विसाच्या रकान्यात १, पौंडाच्या रकान्यात १४, शिलिंगमध्ये ५ आणि पेनीमध्ये ६. ही झाली देण्याची ओळ. तिच्या खाली त्याने खरोखर आणलेल्या पैशांची ओळ मांडायची. मग वरची एक सोंगटी आणि खालची एक सोंगटी अशा जोड्या उचलत जायचं, आणि शेवटी वर काही उरलं तर तेवढी शेरीफची बाकी. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही डोळ्यासमोर दिसतंय की आपण किती अडकलोय. एका बाजूला खजिनदाराची माणसं, दुसऱ्या बाजूला घामाघूम शेरीफ, मधे पट. त्या काळी या खात्याची माहिती लिहून ठेवणारा रिचर्ड फिट्झनील स्वतः खजिनदार होता आणि त्यानेच याला बुद्धिबळाच्या लढाईची उपमा दिलीय.

या खात्याच्या हिशोबाच्या ज्या गुंडाळ्या उरल्यात त्यातली सगळ्यात जुनी ११३० ची आहे. म्हणजे कापड गेलं, सोंगट्या गेल्या, टेबल गेलं, पण अर्थमंत्र्याच्या नावात पट अजून अंथरलेला आहे.

आणि हो, एक्सचेकरमधला 'एक्स' चुकीचा आहे. फ्रेंच 'एस' हा लॅटिन 'एक्स'चा अपभ्रंश असणार असं कुणा शहाण्यांना वाटलं आणि त्यांनी तो 'सुधारून' ठेवला. इथे मुळात तो कधी 'एक्स' नव्हताच.

ब्रिटनच्या पंतप्रधानांचं चेकर्स नावाचं घर आहे ते?

बकिंगहॅमशरमधलं. बाराव्या शतकात त्या जमिनीचा मालक एक्सचेकरमधला अधिकारी होता त्यावरून नाव, असं सांगतात. लॉर्ड ली यांनी ते देशाला दिलं, कायदा १९१७ चा आणि पंतप्रधानांच्या वापरात आलं १९२१ पासून.

मग बँकेचा चेक हा एक्सचेकरवरून आला का?

अर्धवट हो. शब्द 'पडताळणी'वाल्या चेकवरून आला, स्पेलिंग एक्सचेकरवरून.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे आख्खा कागद नव्हे, तर कागदाचा जो तुकडा स्वतःकडे ठेवतात तो, म्हणजे आज आपण काउंटरफॉइल म्हणतो तो. पैसे मागायला कुणी कागद घेऊन आलं की तो आपल्याकडच्या तुकड्याशी जुळवून बघायचा, जुळला तर खरा, नाही तर खोटा. खोटेपणाला आवर घालणारा तुकडा म्हणून चेक. पुढे नाव त्या तुकड्यावरून आख्ख्या कागदावर सरकलं. कागद मात्र नावापेक्षा जुना आहे, लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या सावकारांच्या नावाने काढलेला ४०० पौंडांचा १६५९ सालचा हाताने लिहिलेला चेक अजून शिल्लक आहे.

स्पेलिंगचं असं की बरेच दिवस लोक मनाला येईल तसं लिहायचे. १८२८ मध्ये गिलबार्ट नावाच्या एका बँकरने आपल्या पुस्तकात क्यूयूई वालं स्पेलिंग वापरलं आणि कारण पण दिलं, की यात घोळ होत नाही आणि एक्सचेकरशी जुळतं. ब्रिटनमध्ये ते टिकलं, अमेरिकेने साधं सीके वालं ठेवलं. त्यामुळे 'अमेरिकन लोक चुकीचं लिहितात' असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की जुनं तेच आहे.

काउंटरफॉइल हा शब्द पण विचित्र आहे, नाही का?

आहे, आणि त्याच्यामागे एक आख्खी जळलेली इमारत आहे. एक्सचेकरमध्ये पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी असायची, टॅली स्टिक. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि मग ती उभी चिरायची, म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांवर त्याच खाचा. लांब भाग तो स्टॉक, तो पैसे देणाऱ्याकडे, आखूड भाग तो फॉइल, तो खात्याकडे. पुन्हा जुळवताना खाचा आणि लाकडाचे रेषे दोन्ही जुळले पाहिजेत, म्हणजे फसवायला काही वावच नाही. काउंटरफॉइलमधला फॉइल म्हणजे 'पान' असाही हिशोब आहेच, पण जोडीतला खात्याकडे राहणारा तुकडा ही कल्पना तीच.

ही पद्धत १८२६ मध्ये बंद झाली. उरलेल्या काठ्यांचा ढीग वेस्टमिन्स्टरच्या वाड्यात, म्हणजे संसदेच्या इमारतीत, तसाच पडून होता. १६ ऑक्टोबर १८३४ ला कुणीतरी ठरवलं की दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत जाळून टाकू. दिवसभर कोंबत राहिले. धुराड्यं तापली, संध्याकाळी आग लागली आणि ब्रिटिश संसदेच्या इमारती जवळजवळ सगळ्या खाक झाल्या. चित्रकार टर्नरने त्या आगीची चित्रं काढलीत. जुन्या पावत्या टाकून देताना इतका महागात पडलेला प्रकार दुसरा माझ्या तरी माहितीत नाही.

अमेरिकेत वेटरला 'चेक' मागतात, ते कसं?

तोही पडताळणीचा कागद, काय काय घेतलं ते लिहिलेला. ब्रिटनमध्ये त्यालाच बिल म्हणतात. आणि अमेरिकेत बिल म्हणजे नोट. म्हणजे अमेरिकन माणूस बिलं देऊन चेक भागवतो आणि ब्रिटिश माणूस चेक देऊन बिल भागवतो, दोघंही बरोबर.

कोट ठेवायला दिला की बिल्ला मिळतो तो पण चेक. रेन चेकही याच जातीचा, अमेरिकेत १८८० च्या दशकात बेसबॉलची मॅच पावसाने बुडाली की पुन्हा येता यावं म्हणून जे तिकीट देत ते. आता 'मी रेन चेक घेतो' म्हणजे 'आज नको, पुन्हा कधीतरी'. पाऊस असायची गरज नाही.

चेक-इन, चेक-आउट?

यादीत नावापुढे खूण होते, आत आल्याची आणि गेल्याची. बाकी विशेष काही नाही. अमेरिकन बोलीत 'चेक आउट झाला' म्हणजे माणूस गेला, कायमचा, असाही अर्थ होतो, तेवढं सांभाळून.

'ब्लँक चेक' राजकारणात का म्हणतात?

रकमेची जागा कोरी ठेवून सही केलेला चेक, तुम्ही काय वाट्टेल ते भरा. सगळ्यात गाजलेला ब्लँक चेक बँकेत कधी गेलाच नाही. ५ जुलै १९१४ ला जर्मनीच्या कैसरने (सम्राटाने) ऑस्ट्रिया-हंगेरीला सांगितलं की सर्बियाबाबत तुम्ही काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ब्लँक चेक असंच म्हणतात, आणि महिन्याभरात पहिलं महायुद्ध सुरू.

डबल चेक म्हणजे दोनदा तपासणं ना?

ऑफिसात हो. पटावर अजिबात नाही, आणि दोन्हींत घोळ करणारे लोक मी पाहिलेत. बुद्धिबळात डबल चेक म्हणजे एकाच चालीत दोन मोहऱ्यांकडून एकदम शह. समजा घोडा हलला, त्याने स्वतः शह दिला, आणि तो हलल्यामुळे मागच्या हत्तीची वाट मोकळी होऊन त्याचाही शह बसला. आता एकाला मारून उपयोग नाही कारण दुसरा आहेच, मधे प्यादं घालून उपयोग नाही कारण दोन्हीकडे घालता येत नाही. एकच मार्ग, राजाने स्वतः हलायचं. आणि हलायला जागा नसेल तर मात.

चेकसम, चेक डिजिट हे काय प्रकरण आहे?

एक्सचेकरच्या टेबलाचंच आजचं रूप म्हणा. आकडा लिहिताना चूक होणारच, म्हणून आकड्यातच एक जास्तीचा पहारेकरी आकडा घालून ठेवायचा.

जुन्या पुस्तकांच्या मागे दहा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असायचा (२००७ पासून तेरा आकडी आहे). उदाहरणार्थ ०-३०६-४०६१५-२. डावीकडून पहिल्या आकड्याला १० ने गुणा, पुढच्याला ९ ने, मग ८, असं शेवटच्याला १ ने. बेरीज करा: ० + २७ + ० + ४२ + २४ + ० + २४ + ३ + १० + २ = १३२. याला ११ ने भाग जातो, ११ बारे १३२, म्हणजे नंबर ठीक. आता टाइप करताना ४ आणि ० ची अदलाबदल झाली, जी सगळ्यांची नेहमी होते, तर नंबर होतो ०-३०६-०४६१५-२ आणि बेरीज येते १२८. ११ ने भाग जात नाही. पकडला. शेवटचा आकडा, इथे २, हा असा मुद्दाम निवडलेला असतो की बेरीज बरोबर जुळावी, आणि कधी कधी तो १० यावा लागतो, मग एका जागेत १० कसा लिहिणार, म्हणून रोमन दहा, म्हणजे एक्स. रोमन आकड्यांना कंटाळून पट अंथरला आणि शेवटी एक रोमन आकडा आत शिरलाच.

क्रेडिट कार्डच्या नंबरला असाच पहारा असतो, पण पद्धत वेगळी, आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, पेटंट १९६० चं.

चेक डॅम, चेक व्हॉल्व्ह यात काय तपासतात?

काहीच नाही! इथे लोक हमखास चुकतात. हा जुना, 'रोखणं'वाला चेक. चेक डॅम ओढ्याचं पाणी अडवतो, चेक व्हॉल्व्ह पाणी उलटं येऊ देत नाही. आइस हॉकीतला बॉडी चेक म्हणजे अंगाने धडक देऊन अडवणं, शरीराची तपासणी नव्हे. आणि राज्यघटनेच्या चर्चेत 'चेक्स अँड बॅलन्सेस' येतं ना, त्याचं 'तपासण्या आणि समतोल' असं भाषांतर मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे मुद्दा असा आहे की संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना आवर घालायचा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने व्हेटो (नकाराधिकार) वापरला की तो काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला शह असतो, आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो फिरवला की काटशह. 'शह-काटशह' इतका फिट शब्द आपल्याकडे असताना तपासण्या कशाला?

चेकपॉइंट चार्ली कोण होता?

कुणीच नाही. तो पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधला नाका होता. बर्लिनला जाण्याच्या मार्गावरच्या नाक्यांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरांवरून नावं होती, हा तिसरा.

आणि चेक रिपब्लिक?

हाच तो वर सांगितलेला अपवाद. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असल्यामुळे त्यांना कळतं, देवनागरीत दोन्ही 'चेक' त्यामुळे आपला घोळ. ते लोक स्वतःला 'चेख' म्हणतात, दंतकथेत याच नावाचा त्यांचा मूळपुरुष आहे, इंग्रजीतलं सीझेड हे पोलिश पद्धतीचं लिखाण. शाहशी काडीचा संबंध नाही. पण त्यांच्या भाषेत बँकेच्या चेकला 'शेक' म्हणतात आणि बुद्धिबळाला 'शाखी', म्हणजे शाहची पिल्लं त्यांच्याकडेही पोचलीच.

मग मराठीत 'चेक'साठी एक कुठला शब्द वापरायचा?

एक नाहीच. तब्येत दाखवायची, पासवर्ड पडताळायचा, स्पेलिंग तपासायचं, मेल बघायचा, राग आवरायचा, शत्रूला शह द्यायचा, चौकोनात खूण करायची. बँकेत धनादेश म्हणा किंवा चेक म्हणा, मी चेकच म्हणतो, सगळे म्हणतात. बरोबरच्या खुणेला अमेरिकन चेक म्हणतात, ब्रिटिश टिक, आपण टिकवालेच, आणि तीच खूण स्वीडन आणि फिनलंडच्या शाळेत उत्तर चूक असल्याची असते. त्यामुळे 'खूण करा' असं लिहिलं तरी कुठली खूण ते दाखवलेलं बरं.

'पेटी तपासा' मी नंतर दुरुस्त करायला सांगितलं होतं. पुढच्या अपडेटमध्ये 'पेटीचा धनादेश' झालं होतं.

शेवटचं, खेळताना 'चेक' म्हणायलाच पाहिजे का?

नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत तसं कुठेही नाही, मोठ्या स्पर्धांत तर कुणी म्हणतच नाही. फक्त चाल लिहून ठेवताना शहासाठी अधिकची खूण आणि मात झाली की # लावतात. समोरच्याला शह दिसला नाही आणि त्याने भलतीच चाल केली तर ती बेकायदा, चाल मागे घ्यायची आणि तुमच्या घड्याळात दोन मिनिटं जास्त मिळतात. त्याने दुसऱ्यांदा अशी बेकायदा चाल केली की तो डाव हरतो. घरी खेळताना काय ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडे अजून जोरात 'शह!' असंच ओरडतात.